आजीलाही वाचता येईल असे पुस्तक

शाळेत जाणारे लेकरू संध्याकाळी दप्तरातून पुस्तक काढते, चुलीपाशी बसलेल्या आजीजवळ जाते आणि म्हणते, "आजी, हे वाचून दाखव ना गं." यावर आपल्या बऱ्याच घरांत काय उत्तर मिळते, ते वाचकांना सांगायला नको. "मला कुठं येतंय बाबा वाचायला! जा, तुझ्या आईला विचार." आई भाकरी थापत असते. तिची शाळा सातवीत सुटलेली, म्हणून तीही म्हणते, "बापाला विचार." बापाला मोटारीच्या लाइटची काळजी, रात्रीची येणार की दिवसाची. लेकरू एकदा विचारते, दोनदा विचारते. तिसऱ्यांदा विचारत नाही.

वरवर पाहिले तर यात काही बिघडले नाही. पण त्या पोराच्या मनात एक गोष्ट पक्की होऊन बसते, की पुस्तक ही शाळेची वस्तू आहे, आपल्या घराशी तिचा संबंध नाही. ज्या आजीला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ आहेत, जो बाप मूठभर माती हातात घेऊन वाफसा आला की नाही ते सांगतो, ती माणसे पोराच्या लेखी 'काही न येणारी' ठरतात. आणि त्याहून वाईट म्हणजे ती माणसेही तसेच मानू लागतात. पोरगं शिकतंय, आपल्याला त्यातलं काय कळणार, असे म्हणून मागे सरतात.

या दुखण्यावर एक साधा उपाय आहे. आपल्या खेड्यापाड्यांतल्या घरांत त्याची माहिती फारशी पोचलेली नाही, म्हणून हा लेख. उपाय म्हणजे बिनशब्दांची चित्रपुस्तके. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत नुसती चित्रे. गोष्ट मात्र पुरी असते. तिला सुरुवात असते, मध्ये घोटाळा असतो, शेवट असतो. फक्त ती अक्षरांत लिहिलेली नसते, बघणाऱ्याने ती सांगायची. मग बघणारा एम. ए. झालेला असो की अंगठा उठवणारा असो.

"अक्षरच नाही ते पुस्तक कसले? नुसत्या चित्रांना कोण पैसे देणार?" असे कोणी विचारील. त्यांच्यासाठी एका कोंबडीची हकीकत सांगते.

इंग्लंडमधल्या पॅट हचिन्स या बाईंनी १९६८ साली 'रोझीज वॉक' नावाचे पुस्तक काढले. त्यात रोझी नावाची कोंबडी फेरफटक्याला निघते. आवार ओलांडते, तळ्याला वळसा घालते, गवताच्या गंजीवरून जाते, पिठाच्या गिरणीवरून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येते. सगळ्या पुस्तकात मिळून शब्द आहेत अवघे ३२. आणि गंमत अशी, की कोंबडीच्या मागे पहिल्यापासून एक कोल्हा लागलेला आहे, पण त्या ३२ शब्दांत त्याचे नावसुद्धा नाही! तो फक्त चित्रात आहे. झडप घालायला जातो, तर दाताळ्यावर पाय पडतो आणि दांडा उसळून त्याच्याच थोबाडावर बसतो. पुढे तळ्यात पडतो, गंजीत बुडतो, गिरणीपाशी त्याच्या अंगावर पीठ ओतले जाते आणि शेवटी मधमाश्या त्याला पिटाळून लावतात. रोझीला याचा पत्ताच नाही. ती आपली मान ताठ ठेवून चालली आहे.

आता सांगा, ज्याने फक्त अक्षरे वाचली त्याला काय मिळाले? एक कोंबडी फिरून आली, एवढेच. आणि ज्या चार वर्षांच्या पोराला एक अक्षर येत नाही, त्याला पुरती गोष्ट मिळाली. ते आधीच ओरडते, "कोल्हा आला, कोल्हा आला! आता पडतोय बघ!" हे पुस्तक अगदी बिनशब्दांचे नाही, पण नुसत्या चित्रातून गोष्ट कशी पोचते हे समजायला याच्याइतके चांगले उदाहरण नाही. आणि कोंबडी, कोल्हा, गंजी, दाताळे हे सगळे आपल्या ओळखीचे. शहरातल्या पोराला दाताळे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागेल, आपल्या पोराला नाही.

चित्र वाचणे हे वाचनच आहे. शेतकऱ्याला तर ते मुळीच नवे नाही. पानावर पिवळेपणा आला तर नत्र कमी पडले की पाणी साचले, हे तो पान पाहून ओळखतो. बांधावरचा माग पाहून रात्री रानडुक्कर येऊन गेले ते सांगतो. आभाळाकडे बघून गवत झाकायला धावतो. खुणेवरून मागे काय घडले आणि पुढे काय घडेल हे ताडायचे, एवढेच तर वाचन. पुस्तकातले पोरही तेच करते. पुस्तक कोणत्या बाजूने उघडायचे, या पानानंतर ते पान का आले, हा माणूस का रागावला, मघाशी दिसलेले मांजर आता कुठे गेले, हे सगळे ते चित्रावरून शिकते. पुढे अक्षरे येतात तेव्हा ती कशासाठी असतात हे त्याला आधीच ठाऊक असते.

आणि ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या चित्रकथी सादर करीत आले. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची सुटी चित्रे, ओळीने लावून गठ्ठा बांधलेली. त्या गठ्ठ्याला म्हणायचे पोथी. बघा, अक्षरे नाहीत तरी पोथी! सांगणारा एकेक चित्र लोकांपुढे धरतो आणि वाद्यांच्या साथीने गाऊन, बोलून कथा पुढे नेतो. चित्र तेच, पण सांगणारा बदलला की कथा थोडी बदलते, ऐकणारे बदलले तरी बदलते. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच या चित्रांचे आणि बाहुल्यांचे संग्रहालय उभे केले आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरांच्या कुडांवरही लग्नाचा चौक, शेत, शिकार, तारप्याचा नाच हे सगळे अक्षरावाचूनच मांडलेले असते. तेव्हा चित्रावरून गोष्ट सांगणे आपल्याकडे जुनेच आहे. मधल्या काळात आपण ते सोडून दिले.

आता काही पुस्तकांची ओळख करून देते. ही परदेशी आहेत, आणि ती विकत घ्याच असे माझे म्हणणे नाही. पण बिनशब्दांच्या पुस्तकात काय काय मावते हे कळावे म्हणून सांगते.

अमेरिकेचे टॉमी डीपाओला यांचे 'पॅनकेक्स फॉर ब्रेकफास्ट' हे १९७८ चे पुस्तक मला शेतकऱ्याच्या घरासाठी सगळ्यांत आवडते. पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्याचा चुलतभाऊ. एक म्हातारी थंडीच्या सकाळी उठते आणि तिला धिरडी खाण्याची इच्छा होते. पण अंडी नाहीत, म्हणून कोंबड्यांकडे जाते. दूध नाही, गाय पिळते. लोणी नाही, घुसळायला बसते. एवढे झाल्यावर ध्यानात येते, की वर घालायला पाक नाही. तिकडे मेपल नावाच्या झाडाचा रस काढून, तो आटवून पाक करतात, आपल्याकडे उसाच्या रसाची काकवी करतात तसा. तो आणायला म्हातारी बर्फातून निघते. परत येऊन पाहते तो काय, घरातल्या कुत्र्या-मांजराने सगळ्या जिनसांचा फडशा पाडलेला! पुढे तिला धिरडी मिळतात, पण कुठे आणि कशी ते मी सांगत नाही. कृतीचे एक पान आणि अशी एखादी जागा सोडली तर पुस्तकात वाचायला काही नाही. आणि आपल्या घरातल्या आजीला यातले काय समजावून सांगावे लागेल? काहीच नाही. उलट तीच सांगेल, लोणी यायला किती वेळ लागतो आणि थंडीत ते लवकर का येत नाही. नातवंडाला हे कोणत्याच पाठ्यपुस्तकात मिळणार नाही.

अगदी लहानांसाठी जेरी पिंकनी यांचे 'द लायन अँड द माउस' (२००९) चांगले. सिंहाने उंदराला सोडले, पुढे उंदराने जाळे कुरतडून सिंहाला सोडवले, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? पुस्तकात प्राण्यांचे आवाज तेवढे लिहिलेले आहेत. अमेरिकेत चित्रपुस्तकासाठी मानाचे समजले जाणारे कॅल्डकॉट पदक त्याला २०१० साली मिळाले. ओळखीच्या गोष्टीने सुरुवात केली की पोर धिटाईने सांगू लागते. रेमंड ब्रिग्ज यांचे 'द स्नोमॅन' (१९७८) जगभर गाजले. मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघे आकाशातून हिंडून येतात आणि सकाळी उन्हाने माणूस वितळलेला असतो. पुस्तक सुंदर आहे, पण बर्फ न पाहिलेल्या पोरासाठी मी ते पहिले म्हणून निवडणार नाही. आपल्या पोरांनी पाहिलेल्या असतात गारा, आणि गारांची आठवण शेतकऱ्याच्या घरात काही गोड नसते.

ऑस्ट्रेलियाच्या जीनी बेकर यांचे 'विंडो' (१९९१) मात्र मोठ्यांनीही पाहावे. सगळ्या पुस्तकात एकच खिडकी. पहिल्या पानावर आई तान्ह्या बाळाला घेऊन तिच्यापाशी उभी, बाहेर नुसते रान आणि पाखरे. पान उलटले की काही वर्षे पुढे. मूल वाढते. बाहेर रस्ता येतो, मग चार घरे, मग खांब, तारा, दुकाने, जाहिरातींचे फलक. झाडे एकेक करून कमी होतात. मुलगा मोठा होतो तोवर खिडकीबाहेर शहर असते. कोणी भाषण करीत नाही, कोणावर ठपका नाही. तालुक्याच्या गावालगत ज्यांच्या जमिनी आहेत, ज्यांच्या शेजारच्या रानात एन. ए. प्लॉटचे दगड लागले आहेत, त्यांच्या घरात हे पुस्तक उघडले तर पोरापेक्षा आजोबाच जास्त बोलतील. "इथं आपला आंबा होता, तिथं धाव होती, मोट चालायची." खरे तर पुस्तक नसले तरी चालेल. आपल्याच घराच्या खिडकीतून तीस वर्षांपूर्वी काय दिसायचे, ते आजोबांनी सांगावे आणि नातवाने पाटीवर काढावे.

जपानचे मित्सुमासा आन्नो यांचे 'आन्नोज जर्नी' (१९७७) थोड्या मोठ्या मुलांसाठी. एक स्वार घोड्यावरून युरोपातल्या शेतांतून, खेड्यांतून, बाजारांतून, शहरांतून जातो. प्रत्येक पानावर माणसेच माणसे, बारीक बारीक कामांत गुंतलेली. त्या गर्दीत तो स्वार शोधायचा. जत्रेत हरवलेले पोर शोधावे तसे सगळे घर त्या पानावर वाकते. हे पुस्तक एका बैठकीत संपत नाही, आणि संपवूही नये.

आणि आता एक पुस्तक दहा-बारा वर्षांपुढच्यांसाठी. ऑस्ट्रेलियाचे शॉन टॅन यांचे 'द अरायव्हल' (२००६). एक माणूस बायको आणि लहान मुलीचा निरोप घेऊन पोटासाठी परमुलखात जातो. तिथली घरे वेगळी, जनावरे वेगळी, खाणे वेगळे. आणि तिथल्या पाट्यांवरची अक्षरे चित्रकाराने मनाने तयार केलेली आहेत. जगात कोणाला ती वाचता येणार नाहीत! म्हणजे पुस्तक हातात धरणारा कितीही शिकलेला असला, तरी त्या मुलखात तो त्या माणसाइतकाच निरक्षर. स्टँडवर गाडीची पाटी न वाचता येणारा माणूस कसा भांबावतो, दुसऱ्याला विचारताना त्याला किती अवघड वाटते, हे शिकलेल्याला या पुस्तकातून आतून कळते. दर साल दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कोयते निघतात, बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून कारखान्यांच्या भागात, कोणी कर्नाटकातही जातात. त्यांच्यातल्या शाळकरी मुलांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आणि अडाणी म्हणून आईबापांवर चिडणाऱ्या कॉलेजातल्या पोराने तर ती जरूर पाहावी.

अशी पुस्तके परमुलखात अडकलेल्या मुलांच्या खरोखरीच उपयोगी पडली आहेत. इटलीचे लांपेदूझा नावाचे बेट आफ्रिकेच्या जवळ आहे. लढाई आणि उपासमारीला कंटाळून होड्यांतून निघालेली माणसे तिथे येऊन लागतात. त्यांची मुले दहा भाषा बोलणारी, बेटावरची मुले इटालियन बोलणारी. बालसाहित्यासाठी काम करणाऱ्या 'इबी' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली देशोदेशींची बिनशब्दांची पुस्तके गोळा करून त्या बेटावरच्या मुलांसाठी ग्रंथालय उभे करण्याचे काम हाती घेतले. मुद्दाम बिनशब्दांची, कारण कोणत्या भाषेतली आणायची हा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडे तो प्रश्न नाही असे समजू नका. पुस्तकातली मराठी आणि घरातली मराठी एक नसते. खानदेशातले पोर 'आहे'ला 'शे' म्हणते, मालवणकडचे पोर 'कुठे'ला 'खंय' म्हणते. मेळघाटातल्या पोराची घरची भाषा कोरकू, गडचिरोलीकडच्या पोराची गोंडी. ते पहिलीत येते आणि त्याला पहिला धडा मिळतो तो असा, की तू बोलतोस ते चुकीचे. काही पोरे तिथेच तोंड मिटतात. बिनशब्दांच्या पुस्तकाला कोणतीच बोली वर्ज्य नाही. कोल्हा अहिराणीत पडतो, मालवणीत पडतो, गोंडीतही तितकाच जोरात पडतो. पोराने आपल्या घरच्या बोलीत पुरी गोष्ट सांगितली, मध्ये कोणी टोकले नाही, की त्याला बोलण्याचा धीर येतो. प्रमाण मराठी मागून येईल, शाळा तिच्यासाठीच आहे.

आता पुस्तक घेऊन बसायचे कसे ते सांगते, कारण इथेच पुष्कळ घरांत गाडी रुतते. पोराला जवळ घ्यावे, समोर बसवू नये. समोर बसवले की ती परीक्षा होते. पुस्तक त्याच्या हातात द्यावे, पाने त्यालाच उलटू द्यावीत. पहिल्यांदा काही न बोलता सगळे पुस्तक नुसते पाहून घ्यावे. मग पुन्हा पहिल्या पानापासून गोष्ट सांगायला घ्यावी. "हे काय आहे? हा रंग कोणता? किती कोंबड्या?" असा भडिमार करू नये. गुरुजी तो करतातच. त्यापेक्षा आपल्याला काय दिसते ते आपण म्हणावे: "मला वाटतं, ही म्हातारी एकटीच राहती." पोर लगेच म्हणेल, "एकटी कुठं? मांजर हाय की!" झाले, गोष्ट सुरू झाली. मधूनच एखादे पान उलटण्याआधी थांबावे आणि विचारावे, "आता काय होईल गं?" तिचा अंदाज चुकला तरी हसू नये. चित्रात एक असताना पोर भलतेच काही सांगू लागले, तरी चालू द्यावे. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक घेऊन तेच पोर वेगळी गोष्ट सांगते, तिसऱ्या दिवशी त्यात आपल्या शेळीला आणि शेजारच्या नानांना घुसवते. हे पुस्तक पाठ होत नाही, हाच त्याचा गुण.

दहा मिनिटे पुरे. जेवणे झाल्यावर, अंथरुणे पडल्यावर. सुगीच्या दिवसांत दोन दिवसांआड जमले तरी हरकत नाही. पोर कंटाळले की मिटून ठेवावे. "एवढं तरी पूर्ण कर" असे म्हणू नये, तो घास भरवण्याचा कार्यक्रम नव्हे. आणि घरातल्या बापांना एक सांगायचे आहे. हे बायकांचे काम म्हणून सोडून देऊ नका. पारावर बसून रंगवून गोष्टी सांगणारे बाप घरात आले की मुके होतात, असे का?

मोबाइलवर गोष्टी दिसतात, मग हे कशाला, असेही विचारतात. मोबाइलमधली गोष्ट पोराला ऐकवते, पोराचे ऐकत नाही. चित्र आपले आपण पळते, थांबून मांजर कुठे गेले हे शोधायला वेळ देत नाही. मोबाइलचा एक उपयोग मात्र करून घ्यावा. 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या नावाने मुलांची पुस्तके फुकट वाचायला खुली केली आहेत. त्यांत मराठी आहेत आणि बिनशब्दांचीही आहेत. घरातल्या शिकत्या मुलाला सांगितले तर तो शोधून देईल. ती उतरवून घेता येतात, तालुक्याला छापूनही मिळतील.

विकत घ्यायचे तर मराठीतच सुरुवात करा. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' मागवा. नावातच सगळे आले. चित्रे बघायची आणि बोलायचे. पुरंदरेबाईंना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या चित्रांतली माणसे आपल्या ओळखीची वाटतात, त्यासाठी बर्फ आणि मेपलचा पाक समजून घ्यावा लागत नाही. शि. द. फडणीस यांची हास्यचित्रेही कुठे मिळाली तर जपून ठेवा. १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावी जन्मलेल्या या चित्रकाराची बहुतेक चित्रे शब्दांवाचून हसवतात. 'हसरी गॅलरी' नावाने त्यांची प्रदर्शने भरत असत, आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत त्यांनी काढलेली चित्रे पुष्कळ वाचकांना आठवत असतील. त्यांचे एक चित्र घ्यावे आणि हसू का आले ते आधी नातवाने सांगावे, मग आजोबांनी. दोघांची कारणे निराळी निघतात.

परदेशी पुस्तके एका घराला महागच पडतात. पण गावात अनुदानावर चालणारे सार्वजनिक वाचनालय असेल, मग ते 'ड' वर्गाचे का असेना, तर ग्रंथपालाला सांगून बिनशब्दांची चार पुस्तके घ्यायला लावावीत. ती सगळ्या गावाला पुरतील, आणि वाचता न येणाऱ्या बायाही त्या निमित्ताने वाचनालयाची पायरी चढतील. अंगणवाडीताईंनाही सुचवून पाहावे.

आणि काहीच जमले नाही तर पुस्तक घरी करावे. बियाण्याच्या आणि खताच्या कंपन्यांची जुनी कॅलेंडरे, वर्तमानपत्रातली रंगीत चित्रे, लग्नपत्रिका, बियाण्याच्या रिकाम्या पाकिटांवरची भेंडी-मिरची, हे सगळे घरात पडून असते. एक इशारा द्यायला हवा. कीटकनाशकाच्या आणि औषध लावलेल्या बियाण्याच्या पिशव्या, खोकी यांना हात लावू नये. चित्र कितीही सुंदर असले तरी ते पोराच्या हातात द्यायचे नाही. बाकीची चित्रे कापून जाड कागदावर चिकटवावीत. चिकटवायला कणकेची खळ करावी. जुने लोक कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत, पण लहान मूल पान तोंडात घालते, म्हणून मोरचूद अजिबात घालू नये. फार तर एका वेळेला लागेल तेवढीच खळ करावी आणि पाने कडक उन्हात वाळवावीत. मग दाभणाने भोके पाडून सुतळीने शिवावे.

नुसती चित्रे चिकटवली तर तो संग्रह होईल, गोष्ट होणार नाही. गोष्ट व्हायला एक कोणीतरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दिसले पाहिजे. बैल, कावळा, घरची मांजर, कोणीही चालेल. तो थोरल्या बहिणीने प्रत्येक पानावर हाताने काढावा. चित्र वाकडे आले म्हणून काही बिघडत नाही. कापसाची गोष्ट करता येते, सरकीपासून गादीपर्यंत. एका दिवसाची करता येते, पहाटेच्या धारेपासून रात्री गोठ्याचे फाटक लावण्यापर्यंत. वारीची होते, लग्नाची होते, विहिरीत पडलेल्या वासराची होते. आठ पाने पुष्कळ झाली.

पोर पहिली-दुसरीत गेले आणि अक्षरे जुळवू लागले, की त्याच पुस्तकाचा आणखी एक उपयोग होतो. पोर गोष्ट सांगते तेव्हा घरातल्या लिहिता येणाऱ्याने त्याचे एकेक वाक्य, त्याच्याच बोलीत, जसेच्या तसे चित्राखाली पेन्सिलीने लिहावे. दुसऱ्या दिवशी ते त्यालाच वाचायला द्यावे. आपणच बोललेले वाक्य असते, त्यामुळे ते अडत नाही. आजीने सांगितलेले वाक्यही लिहावे आणि पुढे 'आजी' असे लिहून ठेवावे. आजीला आपले नाव कसे दिसते ते पाहायचे असेल तर तेही दाखवावे.

पुस्तक पेटीत नाहीतर फळीवर उंच ठेवू नका. कोनाड्यात, पोराच्या हाताला येईल असे ठेवा. मळेल, कोपरे चुरगळतील, एखादे पान फाटेल. चिकटवायला खळ आहेच.